शर्यतीचा पाव

बेकरीतला छोटा वजनकाटा जागेवर नव्हता. यीस्ट, मीठ असलं बारीक मापाचं सामान त्याच काट्यावर तोललं जायचं. बेकरीवाल्याचा हात सवयीने फळीकडे गेला आणि रिकामाच परत आला. तो तसाच पिठाच्या हातांनी मागच्या दाराने घरात शिरला, तर काटा जेवणाच्या टेबलावर. काट्यावर वाटी, वाटीत दही आणि त्या वाटीवर ओणवी झालेली त्याची मुलगी.

"थोडं जास्त झालं," असं पुटपुटत तिने चमचाभर दही पातेल्यात परत टाकलं.

"हे काय चाललंय? मी दुकानात मीठ कशाने तोलू? डोळ्यांनी?"

"दोनच मिनिटं, बाबा. सरांनी सांगितलंय, सुरुवातीला मोजून खायचं. पुढे आपोआप अंदाज येतो."

सरांनी सांगितलंय. हल्ली त्या घरात दिवसातून किती वेळा हे दोन शब्द उच्चारले जात, देव जाणे. झोपायचं कधी, तर सरांनी सांगितलंय. पाणी किती प्यायचं, तर सरांनी सांगितलंय. एकदा तर पोरीने आलेली शिंक दाबली, तेव्हा बेकरीवाला बायकोला म्हणाला होता, "थांब, सरांना विचारून शिंकेल."

मुलीला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी ती कधी दिसलीच नाही. बेकरीचा पाव पहाटे चढावरच्या खानावळीत आणि चहाच्या दुकानांत पोचवायचं काम तिने शाळेत असतानाच अंगावर घेतलं. बापाची जुनी लोखंडी सायकल, मागे दोन मोठ्या टोपल्या, आणि पुढे तो उभा चढ. त्याच चढावर एका सकाळी, शर्यतीची सायकल शिकवणाऱ्या सरांची शिकाऊ मुलं हलक्याफुलक्या सायकलींवर धापा टाकत चालली होती आणि ही पोर टोपल्यांसकट त्यांच्या शेजारून पुढे निघून गेली. सर दुसऱ्या दिवशी बेकरीत आले. किडकिडीत बांधा, चष्मा, गळ्यात शिट्टी. पाव घेतला नाही, मुलगी मागितली. म्हणजे शिकवायला.

तेव्हा बेकरीवाल्याची छाती फुगली होती, खोटं कशाला बोला. पण त्याचा हिशोब साधा होता. हे पाय कुणामुळे झाले? माझ्या सायकलमुळे. हे पाय कशावर पोसले? माझ्या पावावर. सरांनी फार तर त्या पायांना रस्ता दाखवावा. सर थेट ताटात हात घालतील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

भट्टीतून पहिला पाव निघाला की त्याचा कडेचा कुरकुरीत तुकडा भिंगरीचा. लोण्याचा गोळा त्यावर ठेवायचा, तो वितळायच्या आत तिने खायचा, आणि बापाने कपाळावरचा घाम पुसत ते बघायचं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. आता ती उठल्याबरोबर अंडी उकडायची. सरावाहून आली की डब्यातली पांढरी भुकटी दुधात घालून खळाखळा हलवायची आणि उभ्याउभ्याच घटाघटा प्यायची. जेवताना डाळ, मासा नाहीतर कोंबडी, आणि कडेचा तुकडा ओट्यावर गार होऊन दगड व्हायचा.

एकदा त्याने न राहवून विचारलं, "आमच्या पावाने काय घोडं मारलं?"

भिंगरीने त्याला नीट बसवून समजावलं. सायकल चालवताना पायांचे स्नायू झिजतात, बारीक बारीक तुटतात. ते परत बांधायला प्रोटीन लागतं. तेही एकदाच पोटभर खाऊन चालत नाही, दिवसभरात थोडं थोडं, प्रत्येक खाण्यात. "मी नुसत्या पावावर होते ना, म्हणून माझी दुखणी बरी व्हायला वेळ लागायचा. प्रोटीन म्हणजे विटा, बाबा. अंगाची भिंत त्यांनीच उभी राहते."

"आणि पाव?"

"पाव म्हणजे कोळसा. इंजिनाला लागतोच. पण नुसत्या कोळशाने भिंत कशी होईल?"

"म्हणजे मी कोळसेवाला," बेकरीवाला म्हणाला आणि उठून गेला. पुढचं त्याने ऐकलंच नाही.

काउंटरवर बसलेल्या बायकोला त्याने ते सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती सुट्टे मोजता मोजता त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अहो, तोंड बघा आरशात. घरात सवत आल्यासारखं झालंय तुमचं."

"मला काय करायचंय? खाऊ दे काय खायचं ते."

"तेच म्हणते मी. खाऊ दे की."

पण त्याला ते जमत नव्हतं. पीठ मळताना जमत नव्हतं, गिऱ्हाइकाशी बोलताना जमत नव्हतं. भिंगरी दारातून आत येताना सरांच्या कुठल्याशा गोष्टीवर स्वतःशीच हसत आली की याच्या पोटात काहीतरी पिळवटायचं. पोर हसते आहे याचा बापाला आनंद व्हायला हवा, एवढं त्यालाही कळत होतं. मनोमन देवाचं नाव घेऊन तो दात आवळून पीठ मळायचा. त्या दिवसांत त्याचे पाव अंमळ कडक निघायचे, आणि गिऱ्हाइकं तसं तोंडावर सांगायची.

मग एका दुपारी त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. विटा हव्यात ना पोरीला? मग विटाच पावात घालू.

तो दुकान बायकोवर सोपवून खेळाच्या सामानाच्या दुकानात गेला. कपाटात मोठमोठे डबे, प्रत्येकावर दंड फुगवलेला कुणीतरी. विक्रेत्या तरुणाने त्याच्या गोल पोटाकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "काका, कुणासाठी? तुमच्यासाठी?"

"का? मी घेऊ नये?"

"तसं नाही. चव कुठली देऊ? चॉकलेट, व्हॅनिला?"

"चव नको. कुणाला कळता कामा नये अशी दे."

पोऱ्याने भुवया उंचावल्या, पण दिली. बेकरीवाल्याने ती पिशवी बेकरीतल्या मिठाच्या पिंपात, मिठाच्या गोणपाटाखाली दडवली. वीस वर्षांत त्याने बायकोपासून एक नाणं लपवलं नव्हतं, आणि आता भुकटी लपवत होता.

पहिला पाव फसला. भुकटीने पीठ ओढूनच धरलं, पाव फुगलाच नाही, चवीला खडू. पण तो हाडाचा बेकरीवाला होता. त्याने सगळ्यात ताकदीचं पीठ काढलं, जे तो फक्त ताणायच्या पावांसाठी वापरायचा. अंड्यातला पांढरा भाग घातला, दुधाची भुकटी घातली, भाजलेल्या वाटाण्याचं पीठ चाळून घातलं. कोरडेपणा जावा म्हणून तेलाचा हात सढळ केला आणि खडूची चव मारायला मध. चौथ्या-पाचव्या खेपेला पाव असा निघाला की वरून बघणाऱ्याला वाटावं, नेहमीचाच. हातात घेतल्यावर मात्र जाणवायचं. बाळसं धरलेल्या मुलासारखा जड.

भानगड एकच झाली. पांढरा भाग पावात गेला की पिवळे बलक उरायचे. ते फेकवेनात, म्हणून तो त्यांची बिस्किटं करू लागला. काउंटरवर पिवळ्याधमक बिस्किटांच्या बरण्यांवर बरण्या.

"हे काय हो? कावीळ झाल्यासारखी बिस्किटं," बायको म्हणाली. "आणि एवढी कुणासाठी?"

"नवीन प्रकार आहे. लोक मागतात."

"कोण लोक? मी इथे बसते ना दिवसभर. मला तर एकानेही विचारलं नाही."

भिंगरीला त्याने नुसतं म्हटलं, "एक काप तरी खात जा बापासाठी." तिला वाईट वाटलं असणार. ती रोज संध्याकाळी एक काप खाऊ लागली. "बाबा, हल्ली पाव मस्त होतोय. एका कापातच पोट भरतं." बस. बेकरीवाल्याला आणखी काय हवं होतं? त्या महिन्यात तिची चढावरची वेळ कमी होत गेली. सर रोज सकाळी शिट्टी घेऊन चढावर उभे राहत होते, ती रोज घाम गाळत होती, पण बापाच्या लेखी हा सगळा त्या एका कापाचा प्रताप. तो मनात म्हणायचा, घ्या सर, मिरवा. विटा माझ्या आणि भिंतीवर नाव तुमचं!

सायकल संघाची निवड चाचणी जवळ आली. संघात सहा जणी घ्यायच्या होत्या. पहिल्या चाचणीत चार जागा भरणार आणि उरलेल्या दोन महिन्याभराने दुसऱ्या चाचणीत. भिंगरी पहिल्याच चाचणीत आत जाईल, असं सगळे धरून चालले होते.

दोन दिवस आधी ती बेकरीत आली आणि पिठाच्या गोणीवर बसली. बऱ्याच दिवसांनी बसली. "बाबा, एक काम आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी आणि सकाळी मला तुमचा पाव लागेल. भरपूर."

बेकरीवाल्याने हातातलं कातणं खाली ठेवलं. "माझा?"

"हो. सरच म्हणाले. तुझ्या वडिलांचा साधा पांढरा पाव असताना दुसरं काही शोधू नकोस. जॅम लावून खा, मन मानेल तेवढा खा. पण साधा हं. अगदी साधा."

पोर सांगत होती ते सरळ होतं. शर्यतीच्या तोंडावर विटांचं काम नसतं, तेव्हा कोळसाच भरायचा असतो, पटकन पेटणारा, पोटाला जड न होणारा. तिने तसं सांगितलंही. पण बेकरीवाल्याच्या कानांत फक्त 'सरच म्हणाले' वाजत होतं. शेवटी आला ना ग्रॅमवाला माझ्या दारात! कळलं ना त्याला, पोरीच्या अंगात ताकद कशाने आली ते! साधा म्हणे. साधा काय? याच पावाने पोरीची वेळ उतरवली. ऐन शर्यतीला तो काढून घेऊ?

भिंगरी गेल्यावर त्याने मिठाच्या पिंपात हात घातला. उरलेली पिशवी सगळी रिकामी केली. अंडी नेहमीच्या दुप्पट. त्या दिवशी तो मळताना गुणगुणत होता, आणि बायकोने आतून विचारलं, "लॉटरी लागली का?" तेव्हा म्हणाला, "तसंच समज."

शर्यतीच्या सकाळी भिंगरी टेबलाशी बसली. जॅम लावून दोन काप खाल्ले, तिसरा उचलला आणि ठेवला.

"खा ना," बाप म्हणाला.

"जात नाही, बाबा. घशाशी आल्यासारखं झालंय. कालही असंच झालं. भीती वाटत असेल."

"दोन खाल्लेस ना, पुष्कळ झालं. माझे दोन म्हणजे दुसऱ्याचे सहा." तो हसला. तीही हसली, पण पोटावर हात ठेवून.

शर्यत बघायला तो बायकोला घेऊन शेवटच्या चढाच्या टोकाशी उभा राहिला. पुढच्या तुकडीत भिंगरी असणार, याची त्याला इतकी खात्री होती की पहिल्या पाच जणी गेल्या तेव्हा तो सहावीकडे बघून हात हलवू लागला. ती भिंगरी नव्हती. सातवीही नव्हती. बऱ्याच वेळाने ती दिसली. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी येत होती. ओठ पांढरे, कपाळावर गार घाम. तिने बापाकडे पाहिलं, पण तिला कोणी दिसत नव्हतं. पाय फिरत होते एवढंच, त्यांतला जीव केव्हाच गेला होता. रेषा ओलांडली आणि ती सायकलसकट सरांच्या अंगावर कलंडली. सरांनी तिला तसंच झेललं, तिथेच जमिनीवर मांडी घातली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडात थोडं थोडं साखरेचं पाणी घालू लागले.

बेकरीवाला धावत गेला खरा, पण जाऊन उभाच राहिला. त्या मांडीवर त्याला जागा नव्हती. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीही पहिल्यांदा पोटात पिळवटलं ते त्या मांडीकडे बघून. पोरीची काळजी मागून आली.

संध्याकाळी सर बेकरीत आले. काउंटरच्या अलीकडे उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी झाली."

बेकरीवाल्याच्या बायकोने त्यांना स्टूल दिलं, चहा ठेवला. सोबत घरातल्या पावाचा काप ठेवला. तोच पाव. बेकरीवाला बघत राहिला. सरांनी तो चहात बुडवून खाल्ला, चवीकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"मी सांगितलं ते तिने सगळं केलं. आदल्या दिवसाचं खाणं, सकाळचं खाणं, पाणी. तरी पोर अर्ध्या वाटेत रिकामी झाली. म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय, आणि काय ते मला कळत नाहीये. कळत नसताना पोरीला हाताशी धरून ठेवणं बरं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पलीकडच्या क्लबात एक बाई आहेत, चांगल्या आहेत. दुसऱ्या चाचणीसाठी तिला त्यांच्याकडे देतो म्हणतो."

बेकरीवाला उभा होता तिथेच भट्टीच्या भिंतीला टेकला. जे व्हावं म्हणून तो रात्रंदिवस कुढत होता, ते आपल्या पायांनी चालत दारात आलं होतं. त्याला काहीही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. चार दिवसांत घरातून ते दोन शब्द जातील. सरांनी सांगितलंय नाही, काही नाही. आणि तो गप्प बसला. "तुम्हाला योग्य वाटेल ते," एवढं म्हणाला आणि त्याला स्वतःचाच आवाज तुपाळ वाटला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भिंगरी खाली आली. डोळे सुजलेले, अंगात बापाचा जुना स्वेटर.

"सर, तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "मला दुसरीकडे कशाला देता? माझ्यातच दम नाही. टोपल्या घेऊन चढ चढणं वेगळं आणि हे वेगळं. मला कळलं आज. तुम्ही दिलेली सायकल दुसऱ्या कुणाला द्या. मी काउंटर सांभाळेन."

"वेड्यासारखं बोलू नकोस," सर म्हणाले.

"खरं तेच बोलतेय. सगळं बरोबर केलं आणि तरी झालं नाही, याचा अर्थ काय होतो?"

 उत्तर त्या खोलीत एकाकडेच होतं. सरांनी स्वतःला दोष दिला तेव्हा बेकरीवाल्याला ते गिळता आलं होतं. पोरीने दिला तेव्हा ते गिळता येईना.

"पाव साधा नव्हता," तो म्हणाला.

तिघंही त्याच्याकडे बघू लागले.

"मी त्यात घालत होतो. महिनाभर. शर्यतीच्या पावात तर सगळंच घातलं."

"काय घातलंत?" सरांनी विचारलं.

त्याने सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही, पण कारागिराची सवय जात नाही, एकेक जिन्नस मापासकट सांगितला. भुकटी, पांढरं, वाटाण्याचं पीठ, तेल. बायकोने कपाळाला हात लावला. "तरीच! तरीच ती पिवळी बिस्किटं!"

सर हिशोब करत होते, ओठ हलत होते. मग स्टुलावरून उठले. तो सौम्य माणूस इतक्या जोरात बोलेल असं कुणाला वाटलं नसतं. "अहो, काय केलंत हे? तिला कोळसा भरायचा होता, तुम्ही ऐन शर्यतीच्या सकाळी तिच्या पोटात भिंत बांधलीत! दोन कापांत पोट भरलं आणि इंजिनात काहीच नाही! नशीब, रस्त्यात पडली नाही. एखादी गाडी आली असती म्हणजे?"

 गाडीचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. आता तो शिवला, आणि त्याने भट्टीचा दांडा घट्ट धरला.

"पण का?" सर म्हणाले. "मी तुमचाच पाव सांगितला होता ना?"

"म्हणूनच," बायको नवऱ्याच्या वतीने म्हणाली. "जळत होते तुमच्यावर. आमच्या घरात भट्ट्या दोन आहेत, सर. एक बेकरीत आणि एक यांच्या पोटात."

कुणी हसलं नाही. भिंगरी इतका वेळ बापाकडे बघत होती. "मी साधा म्हटलं होतं, बाबा," एवढंच ती म्हणाली आणि वर निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती परत सरावाला जाऊ लागली. सरांकडेच. घरात आल्यावर आईशी बोलायची, बापाला विचारलं तर उत्तर द्यायची, त्याहून जास्त नाही. आणि मग एके दिवशी टेबलावर कारखान्यातल्या कापलेल्या पावाचं पाकीट आलं. बेकरीवाल्याच्या घरात, विकतचा पाव! गुळगुळीत पिशवी, वर बारीक अक्षरांत आत काय काय किती आहे ते छापलेलं. त्याने ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. सरांवर जळला होता त्याच्या दसपट तो त्या पाकिटावर जळला. आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. काढणार कुठल्या तोंडाने?

दुसऱ्या चाचणीच्या आठवडाभर आधी सर आले. या खेपेला काउंटरवरून नाही, मागच्या दाराने. "एक अडचण आहे. दुसऱ्या चाचणीचा रस्ता लांबचा आहे. वाटेत दोन ठिकाणी चालत्या सायकलवर खाण्याची झोळी द्यावी लागते. एका ठिकाणी मी उभा राहतो. दुसऱ्यासाठी होता त्याचा पाय मुरगळलाय."

बेकरीवाल्याने पिठाचे हात फडक्याला पुसले.

"मी भिंगरीला विचारलं," सर म्हणाले. "ती म्हणाली, बाबा उभे राहू देत. पण झोळी तुम्ही भरायची, सर."

ते तेवढं वाक्य सर गिळू शकले असते. नाही गिळलं. बेकरीवाल्याला वाटलं, मुद्दाम सांगतोय. मग वाटलं, मी असतो तर मीही सांगितलं असतं.

आदल्या दिवशी सर बाह्या सरसावून परातीशी येऊन उभे राहिले. पीठ पडलं, पाणी पडलं, यीस्ट, मीठ. "आणि?" सरांनी विचारलं. "आणि काही नाही," बेकरीवाला म्हणाला. स्वतःच्या भट्टीपुढे, स्वतःच्या पिठापुढे एखाद्या चोरट्यावर ठेवावी तशी पाळत. अंगाचा तिळपापड झाला, पण हात हलकेच चालवले. पाव लहान केले, चालत्या सायकलवर एका हातात मावतील असे. थंड झाल्यावर सरांनी ते चिरून जॅम भरला, कागदात गुंडाळले आणि झोळीत ठेवले. ठेवायचं काम बेकरीवाल्याला दिलं नाही.

झोळी द्यायची कशी, हे गल्लीत शिकायचं होतं. हात लांब करून झोळीचा पट्टा बोटांच्या टोकांवर लोंबता ठेवायचा, सायकल वाऱ्यासारखी येते, स्वार त्यात हात घालतो, आणि आपण सोडायचं. एवढंच. पहिल्या वेळी भिंगरी आली, तिने पट्ट्यात हात घातला आणि बापाची मूठ आवळली गेली. सायकल गचकन वळली, ती पडता पडता वाचली.

"सोडा ना, बाबा! सोडायचं असतं!"

दुसऱ्या वेळीही तेच. "अहो, पिशवी द्यायचीय, पोरगी अडवायची नाहीये," बायको खिडकीतून ओरडली. तिसऱ्या वेळी त्याने सोडलं, पण इतकं आधी की झोळी गटारात. भिंगरी थांबली, मागे वळली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा बापाशी नीट बोलली. "माझ्याकडे बघू नका. पट्ट्याकडे बघा. मीही पट्ट्याकडेच बघते."

चाचणीच्या दिवशी तो वरच्या वळणावर उभा होता. इतरांचे झोळीवाले ओळीने उभे. लांबून घोळका दिसला, साखळ्यांची सरसर ऐकू आली, आणि तिसऱ्या-चौथ्या जागी ती. त्याने हात लांब केला. खूप वाटलं, तिच्या तोंडाकडे बघावं, ओठांना रंग आहे का ते तरी बघावं. पट्ट्याकडे बघत राहिला. काहीतरी सणकन आलं, बोटांना हिसका बसला, आणि बोटं मोकळी झाली. त्याने मान वळवली तेव्हा ती पुढे गेली होती, झोळी गळ्यात घालत, एका हाताने पाव बाहेर काढत. देणारा कोण होता, हे तिने पाहिलं नव्हतं. पाहायचं कारणही नव्हतं.

ती पाचवी आली. पण पुढच्यांतल्या तिघी पहिल्या चाचणीतच संघात गेल्या होत्या, नुसत्या सरावाला उतरल्या होत्या. उरलेल्या दोन जागांमधली दुसरी भिंगरीची.

रेषेपलीकडे सायकल टाकून ती पळत सुटली ती सरांकडे. सरांनी शिट्टी दातांत धरून दोन्ही हात वर केले, तिने त्यांना मिठी मारली, आणि शिट्टी वाजतच राहिली. बेकरीवाला बायकोशेजारी थोडा लांब उभा होता. पोटात जे पिळवटायचं ते पिळवटलंच. त्याने ते होऊ दिलं आणि जागचा हलला नाही.

थोड्या वेळाने ती आली. आईच्या गळ्यात पडली, मग बापाच्या हातात रिकामी झोळी दिली. अगदी रिकामी नव्हती. "एक राहिला, बाबा. खायला वेळच मिळाला नाही," ती म्हणाली. "टाकून द्या, चेपलाय." आणि सरांनी हाक मारली म्हणून परत फिरली.

त्याने झोळीतून पाव काढला. कागद जॅमने चिकट झाला होता, पाव हाताच्या मुठीएवढा, चपटा.

"टाकता ना?" बायकोने विचारलं.

"थांब," तो म्हणाला, आणि रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्याच त्याने तो खाल्ला. जॅम जरा जास्त झाला होता. सरांचा हात. पाव मात्र हलका होता.